घराण्याचं दुखणं, आतड्याची आग

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. १८९५ साली तिथल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपलं मरण आधीच सांगून ठेवलं. बाई तेव्हा चांगली धडधाकट होती. पण आमच्या घरातली माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात आणि तीही तरुणपणी जातात, तेव्हा माझंही तेच होणार, असं तिचं म्हणणं होतं. ऐकणारे होते ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन, विद्यापीठातले तरुण पॅथॉलॉजिस्ट.

‘घराण्यातच आहे’ म्हणायचं आणि विषय सोडून द्यायचा, ही रीत सगळ्याच मुलखांत आहे. वॉर्थिन यांनी विषय सोडला नाही. त्यांनी बाईकडून तिच्या नातेवाइकांची नावं, वयं आणि मृत्यूची कारणं लिहून घेतली आणि जर्मनीतून येऊन मिशिगनमध्ये वसलेल्या त्या कुटुंबाची वंशावळ मांडली. पुढे बाई खरोखरच तरुण वयात गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. १९१३ साली वॉर्थिन यांनी ही वंशावळ वैद्यकीय नियतकालिकात छापली. कुटुंबाचं आडनाव झाकून त्यांनी फक्त एक अक्षर ठेवलं: ‘जी’. कॅन्सरच्या इतिहासात इतकी वर्षं पाठपुरावा झालेलं दुसरं कुटुंब सापडणं कठीण.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची हकीकत सांगायची तर तिचा एक धागा या शिवणकामवालीच्या घरातून निघतो. दुसरा धागा तिच्या बत्तीस वर्षं आधी, बर्लिनमध्ये पडलेला होता. पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिर्खो यांना १८६३ साली कॅन्सरच्या गाठींमध्ये पांढऱ्या रक्तपेशी शिरलेल्या दिसल्या. पांढऱ्या पेशी जमतात त्या जिथे जखम असते, सूज असते, दाह असतो तिथे. मग कॅन्सर उगवतो तो सतत चिघळणाऱ्या जागीच, असा त्यांचा तर्क. एकीकडे वंश, दुसरीकडे दाह. हे दोन धागे जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांना न शिवता चालत राहिले.

*

१९२५ हे साल मुद्दाम थांबून पाहावं असं आहे. त्या एकाच वर्षी तीन ठिकाणी तीन नोंदी झाल्या.

पहिली वॉर्थिन यांचीच. ‘जी’ कुटुंबाचा पुढचा अहवाल त्यांनी त्या वर्षी छापला. दुसरी न्यूयॉर्कची. आज ज्यांच्या नावाचा आतड्याचा आजार सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे त्या बरिल क्रोन यांनी, रोझेनबर्ग या सहकाऱ्यासह, अल्सरेटिव्ह कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं व्रण पडत राहण्याच्या विकाराने आजारी असलेल्या एका रुग्णाला त्याच आतड्यात कॅन्सर झाल्याचं नोंदवलं. फिर्खो यांचा तर्क आता एका माणसाच्या पोटात प्रत्यक्ष दिसत होता.

तिसरी नोंद लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलची. हे हॉस्पिटल १८३५ साली फ्रेडरिक सामन या सर्जनने सात खाटांवर सुरू केलं, भगंदर आणि गुदद्वाराच्या इतर दुखण्यांनी गांजलेल्या गरिबांसाठी. असली दुखणी चारचौघांत सांगण्याची चोरी. पण गरिबांपाठोपाठ प्रतिष्ठितही सामन यांच्याकडे गेले. १८४१ साली चार्ल्स डिकन्सच्या भगंदरावर शस्त्रक्रिया केली ती याच सामन यांनी. हॉस्पिटल सुरू झाल्यावर नव्वद वर्षांनी तिथले सर्जन जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांच्या लक्षात आलं, की काही रुग्णांच्या आतड्यात मांसाचे बारीक कोंब, म्हणजे पॉलिप, एक-दोन नव्हे तर शेकड्यांनी उगवतात, त्यांतल्या एखाद्याचा पुढे कॅन्सर होतो, आणि हे बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे चालत जातं. १९२५ साली त्यांनी अशी तीन कुटुंबं प्रसिद्ध केली.

सर्जनने निरीक्षण केलं खरं, पण ते टिकवलं दुसऱ्यांनी. सेंट मार्क्सचे पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांच्या प्रयोगशाळेत १९२४च्या सुमारास डिक बसी नावाचा, शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा मदतनीस म्हणून लागला. काचपट्ट्या तयार करणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, असली कामं. ड्यूक्स यांनी त्याच्याकडे पॉलिपच्या कुटुंबांची नोंदवही सोपवली. कोण कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी लग्न होऊन कुठे गेली, कुणाची तपासणी राहिली आहे, हे सगळं बसी लिहीत गेले आणि अनेक दशकं लिहीत राहिले. पुढे त्याच विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९७५ साली ग्रंथ लिहिला. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला, नाशिकला पंड्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात, तशीच ही वही. फरक इतकाच, की या वहीतलं नाव वाचून माणसाला वेळेवर बोलावता येत होतं. या विकारात विशीच्या आतच आतडं पॉलिपनी भरू लागतं आणि काहीच केलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळपास ठरलेला असतो. मोठं आतडं त्याआधी काढून टाकलं तर माणूस वाचतो. त्यामुळे कुणाचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा झाला, ही नोंदसुद्धा औषधाइतकी महत्त्वाची होती.

*

‘जी’ कुटुंबाकडे मात्र मधली तीसेक वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. वॉर्थिन १९३१ साली वारले. १९३६ साली त्यांच्या विद्यापीठातल्या मंडळींनी एक अहवाल छापला आणि पुढे शांतता. या शांततेचा काही दोष वॉर्थिन यांच्याही पदरात घालावा लागतो. ते सुप्रजननाच्या, म्हणजे ‘सदोष’ वंश वाढू नये असं मानणाऱ्या, विचाराचे खंदे समर्थक होते. जर्मनीत त्या विचाराचं काय झालं ते जगाने पाहिल्यावर ‘वंश’ हा शब्दच डॉक्टरांना नकोसा झाला. शिवाय कॅन्सर होतो तो धुराने, रसायनांनी, विषाणूंनी, असं म्हणण्याचे ते दिवस होते.

हा विषय पुन्हा उकरून काढला तो एका माजी मुष्टियोद्ध्याने. हेन्री लिंच सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून अमेरिकी नौदलात शिरले, युद्धानंतर ‘हॅमरिंग हँक’ या नावाने रिंगणात उतरले, आणि मग मानवी आनुवंशिकी शिकून डॉक्टर झाले. १९६२ साली नेब्रास्कातल्या ओमाहामध्ये त्यांच्या वॉर्डात दारू सुटताना होणाऱ्या उन्मादातून नुकता सावरलेला एक रुग्ण होता. इतकी का पितोस, या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर ऐकून वॉर्थिन यांची शिवणकामवाली आठवावी: घरातले सगळेच कॅन्सरने मरतात, मीही मरणार, मग का पिऊ नये? वरिष्ठांना वाटलं, घरात पॉलिपचा विकार असेल. लिंच यांनी तपासण्यांचे कागद काढून पाहिले. पॉलिपचा घोस कुणालाच नव्हता, कॅन्सर मात्र पिढ्यान्‌पिढ्या होता.

समाजसेविका अ‍ॅन क्रश यांना घेऊन लिंच या कुटुंबाच्या मागे लागले. १९६६ साली त्यांनी मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या अशा दोन कुटुंबांची माहिती छापली. ती वाचून मिशिगनचे पॅथॉलॉजीप्रमुख जेम्स फ्रेंच यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि वॉर्थिन यांचे जपून ठेवलेले कागद त्यांच्या स्वाधीन केले. १९७१ साली लिंच आणि क्रश यांनी ‘जी’ कुटुंबाचा ताजा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळच्या पंडितांना तरीही पटलं नाही. इतका सर्रास आढळणारा रोग एका घरात चारपाच जणांना झाला तर तो योगायोग, असा त्यांचा युक्तिवाद. संशोधनाच्या अनुदानाचे लिंच यांचे अर्ज वर्षानुवर्षं परत येत राहिले. ते कुटुंबांच्या मेळाव्यांना जात राहिले, रक्ताचे नमुने घेऊन शीतपेटीत ठेवत राहिले. ज्या जनुकासाठी हे साठवायचं ते शोधण्याची साधनं तोवर जगात नव्हती, हे लक्षात घेतलं की या माणसाच्या चिकाटीचा अंदाज येतो.

*

साधनं आली ती ऐंशीच्या दशकात, आणि मग घटना भराभर घडल्या. १९८६ साली अमेरिकेत बफेलो इथे लेम्युएल हेरेरा यांना पॉलिपच्या एका रुग्णात पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गायब असल्याचं दिसलं. जनुकाचा पत्ता कळला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वॉल्टर बॉडमर यांच्या गटाने अशा कुटुंबांचे नमुने तपासून जनुक पाचव्या गुणसूत्रावरच असल्याचं सिद्ध केलं. ‘नेचर’मधल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एक नाव बसी यांचं आहे. बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यापासून सुरुवात केलेला तो मुलगा त्रेसष्ट वर्षांनी तिथे पोचला होता. १९९१ साली जनुक हाती आलं. त्याचं नाव एपीसी. पेशींची वाढ आवरून धरणारा तो एक लगाम आहे.

दरम्यान बाल्टिमोरमध्ये बर्ट फोगेलस्टाइन आणि एरिक फियरन यांनी १९९० साली एक जिना मांडला. आतड्याचं निरोगी अस्तर एका पायरीत कॅन्सर होत नाही. आधी एपीसी बिघडतं आणि छोटा पॉलिप उगवतो. मग के-रास हे जनुक बिघडतं, पॉलिप फुगतो. शेवटाकडे पी-५३ हा पहारेकरी पडतो आणि पेशी आतड्याची भिंत फोडून बाहेर निघतात. प्रत्येक पायरीला वर्षं लागतात. एपीसीचा बिघाड जन्मतःच घेऊन येणारा माणूस पहिल्या पायरीवरच उभा असतो. बाकीच्यांना ती आयुष्यात कधीतरी चढावी लागते.

लिंच यांच्या कुटुंबांचं कोडं निराळं निघालं. १९९३ साली अनेक प्रयोगशाळांना त्यांच्या गाठींच्या डीएनएमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली: एकच अक्षरगट पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागांची लांबी पेशीगणिक बदललेली. हे पाहून माणसांच्या डॉक्टरांपेक्षा यीस्टवर काम करणाऱ्यांचे कान आधी टवकारले, कारण यीस्टमध्ये नेमकी हीच चूक त्यांनी पाहिली होती. डीएनएची नक्कल होताना चुका होणारच. छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस असतो तशी प्रथिनांची एक टोळी मागून फिरते आणि चुका दुरुस्त करते. यीस्टमध्ये ही टोळी मोडली की असाच गोंधळ होतो. त्या वर्षी डिसेंबरात, दोन आठवड्यांच्या अंतराने, दोन प्रतिस्पर्धी गटांनी त्या टोळीतलं माणसाचं जनुक जाहीर केलं: एमएसएच-टू. म्हणजे या घरांतल्या माणसांना वारशात कॅन्सर मिळत नव्हता, प्रुफं वाचणारा रजेवर मिळत होता. चुका साचत जातात आणि इतरांना जो जिना चढायला दशकं लागतात तो ही माणसं फार लवकर चढून जातात. आज या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत तिघांच्या आसपास तो सापडतो.

*

आता दाहाकडे. क्रोन यांच्या १९२५च्या त्या रुग्णानंतर कोलायटिस आणि कॅन्सर यांचं नातं डॉक्टरांना जाणवत होतं, पण ओळखायचं कसं? सुजलेल्या, रक्ताळलेल्या आतड्यात कॅन्सरची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. उत्तर पुन्हा सेंट मार्क्समधूनच आलं. ड्यूक्स यांच्या जागी आलेल्या बेसिल मॉर्सन यांनी लिलियन पँग यांच्यासह १९६७ साली दाखवलं, की गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींचा बिघडलेला नूर कॅन्सरच्या आधीच ओळखता येतो. जुन्या कोलायटिसच्या रुग्णांची ठरावीक काळाने दुर्बिणीने तपासणी करण्याची पद्धत त्यातूनच रुजली. २००१ साली जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा धोका असा निघाला: आजाराला दहा वर्षं झाली की २ टक्के, वीस वर्षांनी ८, तीस वर्षांनी १८. नंतरच्या अभ्यासांत आकडे बरेच खाली आले आहेत. औषधं आणि तपासण्या सुधारल्याचा त्यात वाटा असावा. पण कॅन्सरचा धोका दुखणं किती वर्षं चिघळलं यावर वाढतो, ही गोष्ट तशीच राहिली.

कोलायटिसच्या गाठी फोगेलस्टाइन यांच्या जिन्यावर ठेवून पाहिल्या तेव्हा मौज झाली. जिना उलटा होता. इथे पी-५३ हा पहारेकरी अगदी सुरुवातीला पडलेला असतो, कधी कधी अस्तर अजून सपाट असतानाच. आणि एपीसी बिघडलंच तर शेवटाकडे. कारण उघड आहे. दाह चालू असताना पांढऱ्या पेशी जंतूंसाठी बनवलेले जहाल ऑक्सिजनचे रेणू आपल्याच घरात ओततात, शेजारच्या पेशींचा डीएनए भाजतो. एरवीही दर चारपाच दिवसांनी नवं होणारं आतड्याचं अस्तर जखमा भरण्यासाठी आणखी घाईने पेशी बनवतं. भाजलेल्या डीएनएच्या घाईघाईने काढलेल्या नकला. अशा वेळी पहारेकरी ज्या पेशीत पडलेला असेल तीच तगते आणि पसरते.

याचा चोख पुरावा २००४ साली सॅन डिएगोमध्ये मायकेल करीन आणि फ्लोरियन ग्रेटन यांनी उंदरांवर दिला. दाहाचा संदेश पेशीच्या केंद्रापर्यंत नेणारी एक यंत्रणा आहे, एनएफ-कप्पा-बी. आतड्याच्या अस्तरातून तिची कळ काढून टाकली तर कोलायटिस तसाच राहिला, पण गाठींची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. तीच कळ पांढऱ्या पेशींमधून काढली तर उरलेल्या गाठी खुजट राहिल्या. अस्तरातला दाह बी जगवतो, पांढऱ्या पेशींचा दाह रोपाला खत घालतो.

*

वंश आणि दाह हे दोन धागे एकत्र बांधले गेले ते मात्र कोणत्याही सिद्धान्तामुळे नव्हे. ते बांधले सुजेवरच्या साध्या गोळीने, आणि तेही चुकून.

विल्यम वॉडेल हे अमेरिकी सर्जन पॉलिपच्या घराण्यांतल्या रुग्णांना होणाऱ्या डेस्मॉइड नावाच्या चिवट गाठींसाठी सुलिंडॅक हे सांधेदुखीचं औषध देत होते. आतड्यात पाहिलं तर पॉलिप नाहीसे होत चाललेले. १९८३ साली त्यांनी ते छापलं. जन्मजात बिघडलेल्या जनुकाचा परिणाम सूज उतरवणाऱ्या गोळीने मागे सरतो, हे कुणाला सहजी खरं वाटण्यासारखं नव्हतंच. १९८८ साली मेलबर्नमध्ये गेब्रियल क्यून यांनी आतड्याच्या कॅन्सरच्या सातशेहून अधिक रुग्णांची तितक्याच निरोगी माणसांशी तुलना केली. आहारापासून औषधांपर्यंत सगळं विचारलं होतं. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा कॅन्सर सुमारे ४० टक्के कमी निघाला. १९९६ साली जपानी शास्त्रज्ञांनी एपीसी बिघडवलेल्या उंदरांमधून कॉक्स-टू हे दाहाचं विकर काढून टाकलं आणि पॉलिप झपाट्याने घटले. अ‍ॅस्पिरिन आणि सुलिंडॅक ज्यांना अडवतात त्यांतलंच हे एक. वंशाचा रोगसुद्धा दाहाच्या खतावर पोसला जात होता.

मग घाई झाली. फक्त कॉक्स-टूला अडवणाऱ्या नव्या, महागड्या गोळ्या बाजारात होत्या. त्यांतली एक, व्हायॉक्स, पुन्हा पॉलिप होऊ नयेत म्हणून अडीच हजारांहून अधिक लोकांवर आजमावली जात होती. दीड वर्षानंतर त्या गोळीच्या गटात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसले. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने औषध जगभरातून मागे घेतलं. कॅन्सर टाळण्यासाठी निरोगी माणसाला गोळी देताना किती जपावं लागतं, याचा तो महाग धडा होता.

न्यूकॅसलचे जॉन बर्न यांनी धरलेली वाट संथ होती. त्यांनी लिंच सिंड्रोमचं जनुक असलेल्या ८६१ माणसांना गोळा केलं. ४२७ जणांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, ४३४ जणांना दिसायला तशीच पोकळ गोळी. (याच अभ्यासात काही जणांना न पचणारा स्टार्च, म्हणजे कच्च्या केळ्यात असतो तसला, दिला होता. त्याचा आतड्याच्या कॅन्सरवर परिणाम झाला नाही. पण इतर कॅन्सर, विशेषतः पचनमार्गाच्या वरच्या भागातले, कमी झाल्याचं २०२२ साली आढळलं.) २००८ साली पहिले निष्कर्ष आले, तेव्हा अ‍ॅस्पिरिनचा काहीच फायदा दिसला नाही. इतर कुणी फाइल मिटली असती. बर्न यांनी माणसांचा माग सोडला नाही. २०११ साली फरक दिसू लागला, आणि २०२० साली, दहा वर्षांच्या हिशेबात, तो स्पष्ट झाला: अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ४० जणांना आतड्याचा कॅन्सर, पोकळ गोळीवाल्यांत ५८. त्याच वर्षी लिंच सिंड्रोमच्या रुग्णांशी अ‍ॅस्पिरिनबद्दल बोलावं, असा सल्ला ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत आला. कॅन्सर परतू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किती उपयोगी, हे तपासणाऱ्या ‘अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन’ या ब्रिटन आणि भारताच्या संयुक्त चाचणीत मुंबईच्या परळमधलं टाटा मेमोरियलही सामील झालं.

२०२५ साली स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीने तर गोळी आणि जनुक यांची सरळ गाठच घातली. तिथे आधी गाठीचं जनुक तपासलं. पीआय-थ्री-के या संदेशमार्गात बिघाड असलेल्या रुग्णांनाच, ऑपरेशननंतर तीन वर्षं, रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा पोकळ गोळी दिली. या मार्गातला मुख्य बिघाड असलेल्या गटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण १४.१ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आलं.

आणि ‘जी’ कुटुंब? २००५ साली त्याचा ताजा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा मूळ पुरुषाच्या वंशजांची संख्या नऊशेच्या वर गेली होती आणि बिघाड एमएसएच-टूमध्ये असल्याचंही कळलं होतं. शंभर वर्षांच्या त्या वंशावळीत एक बदल मात्र ठळक दिसतो. वॉर्थिन यांच्या वेळी या घरात जठराचा कॅन्सर भरपूर होता. पिढ्या उलटल्या तसा तो विरत गेला आणि आतड्याचा वाढला, अगदी सगळ्या अमेरिकेत झालं तसंच. जनुक तेच राहिलं, पण घरातलं जेवण, पाणी आणि पोटातले जंतू बदलले होते. शिवणकामवालीच्या भाच्या-पुतण्यांच्या नातवंडांना आता रक्ताच्या एका तपासणीने कळतं, की आपण बिघाड घेऊन जन्मलो की नाही. ज्यांच्यात तो सापडतो त्यांचं आतडं वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीने पाहिलं जातं. ज्यांच्यात सापडत नाही, त्यांचं नाव वंशावळीत राहतं आणि तपासणीच्या यादीतून निघतं.